खळबळीची कुळकथा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नळातल्या पाण्याविषयी दोन नियम चालू होते. दोन्ही मोजूनमापून काढलेले, आणि दोन्हींचा एकमेकांशी मेळ नाही. पॅरिसचे डॉक्टर पोआझय यांना सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते ते समजून घ्यायचे होते. १८४०च्या सुमारास त्यांनी अतिशय बारीक काचनळ्यांतून पाणी सोडून पाहिले. वेग दुप्पट हवा असेल तर दाबही दुप्पट लागतो, असे त्यांना आढळले. दिजाँ शहराला पाणी पुरवणारे अभियंते आँरी दार्सी यांनी मोठ्या नळांवर प्रयोग केले आणि १८५७ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. तिथे दुप्पट वेगासाठी दाब जवळजवळ चौपट लागत होता. डॉक्टरही खरे, नळवालेही खरे. मग पाणी कोणाचे ऐकते?

हा तिढा सोडवला ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी. जन्म १८४२, बेलफास्टचा. आधी यंत्रशाळेत उमेदवारी, मग केंब्रिजला गणित, आणि १८६८ मध्ये पंचविशीतच मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात अभियांत्रिकीचे प्राध्यापकपद. दोन नियम आहेत त्याअर्थी पाण्याच्या वाहण्याच्या दोन तऱ्हा असल्या पाहिजेत, असा त्यांचा कयास होता. जर्मनीत हागेन यांनी पाण्यात लाकडाचा भुसा टाकून असे काहीसे आधीच पाहिले होते. पण एक तऱ्हा संपून दुसरी नेमकी कधी सुरू होते, हे कोणी सांगितले नव्हते.

रेनॉल्ड्सनी सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद-खोल अशी काचेची टाकी करून घेतली. आत पाण्यात बुडालेली आडवी काचनळी. तिच्या तोंडाला कर्ण्याच्या आकाराचे लाकडी मुख, म्हणजे पाणी आत शिरताना कडेला अडखळू नये. त्या मुखाशी रंगीत पाण्याची बारीक धार सोडायची सोय. टाकी भरली की पाणी कित्येक तास निवळू द्यायचे. आतली हालचाल पुरती थांबली पाहिजे. मग लांब दांड्याने झडप हळूच उघडायची.

वेग कमी असताना रंगाची रेघ नळीभर सरळ गेली, आखणीच्या दोरीसारखी. झडप आणखी उघडली तरी रेघ तशीच. आणि मग एका वेगाला, नळीच्या मुखापासून काही अंतरावर, रेघ एकदम विस्कटली आणि पुढची सगळी नळी फिकट रंगाने भरून गेली. नुसत्या डोळ्यांना तो सरमिसळ झालेला रंग दिसत होता. पण विजेची ठिणगी पाडून तिच्या क्षणभराच्या उजेडात पाहिले, तेव्हा त्याच रंगात वेगवेगळ्या वेटोळ्यांची आणि भोवऱ्यांची गर्दी स्पष्ट दिसली. खळबळ म्हणजे निराकार गोंधळ नव्हे, तिला आतून घडण असते, हे त्या ठिणगीने दाखवले.

रेनॉल्ड्सनी जाड-बारीक नळ्या वापरल्या, पाण्याचे तापमानही बदलून पाहिले. निष्कर्ष १८८३ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. नुसता वेग काहीच ठरवत नाही. वेग, नळीचा व्यास आणि द्रवाची घनता यांचा गुणाकार करायचा आणि त्याला द्रवाच्या श्यानतेने, म्हणजे चिकटपणाने, भागायचे. जे उत्तर येते त्याला एकक नाही. तो नुसता अंक. तो लहान असला तर चिकटपणाची सत्ता चालते आणि पाण्याचे थर शिस्तीत सरकतात. मोठा झाला की पाण्याचा स्वतःचा रेटा वरचढ ठरतो. पोआझय पहिल्या राज्यातले, दार्सी दुसऱ्या. घरच्या नळाचा हिशेब करून पाहा. दोन सेंटिमीटर व्यासाच्या नळात पाणी सेकंदाला दहा सेंटिमीटर सरकले, तरी हा अंक २०००च्या घरात जातो. आपले बहुतेक नळ या दुसऱ्या राज्यातच नांदतात.

अशाच गुणोत्तराचा विचार स्टोक्स यांनी १८५१ मध्येच मांडला होता. पण नाव चिकटले ते रेनॉल्ड्सचे. १९०८ साली रोमच्या गणित परिषदेत आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी त्याला ‘रेनॉल्ड्स अंक’ म्हटले. पुढे त्यांचे शिष्य हायझेनबर्ग यांनी १९२३ मध्ये डॉक्टरेटसाठी हाच विषय घेतला. पुंजयामिकीतली कीर्ती त्यानंतरची.

चित्रकारांनी मात्र भोवरे कितीतरी आधी टिपले होते. विंडसरच्या राजसंग्रहात लिओनार्दोची १५१०च्या आसपासची रेखाटने आहेत. त्यांत कुंडात पडणाऱ्या धारेखाली मोठ्या भोवऱ्यांच्या अंगावर लहान भोवरे काढलेले दिसतात. मोठा भोवरा लहानाला ऊर्जा देतो, तो त्याहून लहानाला, आणि शेवटी चिकटपणा तिची उष्णता करून टाकतो. या उतरंडीचे गणित कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये दिले. मेक्सिकोच्या काही भौतिकशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये व्हॅन गॉगच्या ‘तारांकित रात्र’ या १८८९च्या चित्रातल्या उजेड-अंधाराचे चढउतार मोजले, तेव्हा ते या गणिताशी मिळतेजुळते निघाले. म्हणून व्हॅन गॉगला द्रवगतिकी येत होती असे नव्हे. त्याची नजर तेज होती, एवढेच त्यातून काढावे.

माणसाच्या देहातही ही दोन राज्ये आहेत. बहुतेक रक्तवाहिन्यांत रक्त शांतपणे वाहते. हृदयाची झडप अरुंद झाली की त्याच फटीतून ते वेगाने रेटले जाते आणि खळबळते. डॉक्टरांना स्टेथोस्कोपमधून ऐकू येते ती तीच मर्मर.

पण या कथेतली सगळ्यात मोलाची गोष्ट एका विसंगतीत आहे. निवळलेल्या पाण्यात रेनॉल्ड्सची रेघ अंक १२–१३ हजारांपर्यंत जाईतो टिकली. उलट, पाणी मुद्दाम ढवळून नळात सोडले, तर अंक २०००च्या आसपास येईपर्यंत ते शांत होईना. १९६१ मध्ये फेनिंगर यांनी कमालीची काळजी घेऊन नळातला प्रवाह एक लाखापर्यंत शिस्तीत ठेवला. रेनॉल्ड्सची टाकी मँचेस्टरच्या विद्यापीठात जपलेली आहे. तिच्यावर प्रयोग केला तर आता तो जुना आकडा गाठता येत नाही, कारण बाहेरच्या रस्त्यावरची वाहने इमारत हादरवतात.

मधल्या पट्ट्यात खळबळ तुकड्यातुकड्यांनी येते, हेही रेनॉल्ड्सनी पाहिले होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सतीश धवन आणि रोद्दम नरसिंह यांनी १९५८ मध्ये सपाट पत्र्यावरून वाहणाऱ्या हवेत अशा तुकड्यांचा हिशेब मांडला. नळातला हिशेब पुरा व्हायला २०११ उजाडले. तुकडे विझण्यापेक्षा दुभंगून वाढण्याचा वेग जास्त होतो तो अंक निघाला सुमारे २०४०.

थोडक्यात, खालचा आकडा शांततेची हमी देतो. त्याच्या खाली कितीही ढवळा, पाणी निवळते. त्याच्या वर मात्र कोणताही आकडा खळबळीचा मुहूर्त सांगत नाही. तो ठरतो बाहेरून येणाऱ्या धक्क्यावर. समाजातल्या वा बाजारातल्या उलथापालथीला आपण ‘कुणाला कल्पनाच नव्हती’ म्हणतो, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवावा. वर्षानुवर्षे काही झाले नाही, हा स्थैर्याचा पुरावा नसतो. धक्का बसला नव्हता, एवढेच त्यातून सिद्ध होते.