गोदाकाठचे अकीक आणि खंबायतचे हात

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेकरिता काही इतिहासविषयक मजकूर लिहून द्यावा अशी आम्हांस आज्ञा केली, त्याच सुमारास आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने एक ओबडधोबड दगड आमच्यापुढे आणून ठेवला. पैठणजवळच्या त्याच्या शेतात बांध घालताना तो सापडला होता. आकाराने लिंबाएवढा, वरून मातकट व खडबडीत; परंतु एका बाजूने कुदळीचा घाव बसून टवका उडाला होता आणि त्या जागी मधासारखा पिवळट रंग व एक पांढरा वाटोळा डोळा दिसत होता. "गुरुजी, याचा अंगठीत बसवण्याजोगा खडा होईल का? आणि तो करून कुठे मिळेल?" असा त्याचा प्रश्न. मुलीचे लग्न ठरले आहे, आणि आपल्या शेतातला खडा तिच्या बोटात असावा अशी त्याची इच्छा आहे.

प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर सुमारे दोन हजार वर्षे जुने आहे. आपल्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय सोन्याचा. सोने गुंजेगुंजेने तोलून घेण्याची सवय आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. तथापि ज्या खड्याकरिता आपण कोंदण घडवितो, तो खडा कोणी शोधला व कोणी घासला, याची चौकशी आपल्या दुकानांतून क्वचितच होते. आमच्या वडिलांच्या पेढीवरही ती कधी झालेली आम्हांस आठवत नाही. म्हणून या विद्यार्थ्याच्या निमित्ताने थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

प्रथम दगडाविषयी. आपले दख्खनचे पठार सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांचे बनलेले आहे, हे शाळेत शिकलेले सर्वांस स्मरत असेलच. तो लाव्हा निवताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून सिलिका म्हणजे गारेचे द्रव्य या पोकळ्यांत थरावर थर साचत गेले. कोठे पट्टे उमटले, कोठे डोळे, तर कोठे आत पोकळी राहून स्फटिकांचे दात उगवले. काळा पाषाण झिजून माती झाली, परंतु ही गार झिजत नाही. म्हणून ती शेतात, नाल्यात व नदीच्या वाळवंटात सुटी होऊन पडते. हीच आपली गारगोटी. तिच्यातील पट्टेदार व रंगदार जातीस अकीक म्हणतात, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या जातीस सुलेमानी. कित्येक लोक यास गोमेद म्हणतात, परंतु नवरत्नांतील गोमेद निराळा. चाकूच्या टोकाने ओरखडा उठला तर तो दगड अकीक नव्हे, एवढी खूण नवख्यास पुरे.

पावसाळा सरल्यावर नदीकाठी हिंडून असे दगड वेचणे हा आमच्या लहानपणी पोरांचा खेळ होता. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकात हाच मोठा व्यापार होता. तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानाकडे येणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' या नावाचे सागरी मार्गाचे वर्णन उपलब्ध आहे. त्यात भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण असल्याचे सांगून, तेथून सुलेमानी जातीचा दगड पुष्कळ प्रमाणात गाड्यांतून, अत्यंत अवघड वाटेने भडोचला आणला जातो, असे नमूद आहे. पैठणच्या नावे त्याने नोंदविलेला माल हाच. आपण पैठण म्हटले की शालिवाहन, नाथमहाराज आणि पैठणी एवढेच आठवतो. या दगडांच्या गाड्या मात्र कोणाच्या स्मरणात नाहीत. घाट उतरून वीस दिवस चालणाऱ्या बैलांच्या मानेवरचा तो भार आमच्या विद्यार्थ्याच्या हातातल्या दगडाचाच भाऊबंद होता.

याचा अर्थ असा नव्हे की आपल्याकडे कोणास दगड घडविता येत नव्हता. तेर, पैठण, भोकरदन येथील उत्खननांत सातवाहनकालीन मणी विपुल मिळाले आहेत. तेर येथील कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी हौसेने जमविलेल्या प्राचीन वस्तूंचे आज तेथे शासकीय संग्रहालय आहे. आम्ही मुलांची सहल घेऊन तेथे गेलो असता मण्यांपुढे पुष्कळ वेळ उभे राहिलो होतो. त्यांची भोके इतकी सरळ, की मुलांनी ती यंत्राने पाडली असावीत असे ठरवून टाकले.

वस्तुतः ही कला त्याहूनही फार जुनी. सिंधू संस्कृतीच्या चान्हुदडो या गावी अर्नेस्ट मॅके यांनी 1935-36 साली उत्खनन केले, तेव्हा मणी करण्याचा कारखानाच उघडकीस आला. पुढे श्री. एस. आर. राव यांस लोथल येथेही तसाच कारखाना सापडला. लांबट लाल मण्यास टोकापासून टोकापर्यंत भोक पाडणे हे त्या कारागिरांचे विशेष कौशल्य. आजच्या संशोधकांनी त्या वेळच्यासारखे दगडी सामते करून पाहिले, तेव्हा ताशी दोन-अडीच मिलिमीटरच काम होते असे दिसून आले. म्हणजे बोटाएवढ्या एका मण्यास कित्येक दिवस! असे मणी इराकातील ऊर नगरीच्या राजघराण्याच्या थडग्यांतही मिळाले आहेत. मणी गेले, घडविणाऱ्यांची नावे गेली.

आता खंबायतकडे वळू. भडोचपासून नर्मदेच्या अंगास राजपीपळ्याच्या डोंगरात रतनपूर म्हणून गाव आहे. तेथील खाणी अकीकाच्या. जवळच्याच टेकडीवर बाबाघोर या सिद्दी संताचा दर्गा असून अकीकाचा धंदा करणारे त्यास आपला पूर्वज-गुरू मानतात. दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजाने सोळाव्या शतकाच्या आरंभी या मुलखाचे वर्णन लिहिले. त्यात रतनपूरजवळच्या लिमोदरा गावी हा दगड काढून घडविला जातो, असे म्हटले आहे. पुढे घडविण्याचे काम खंबायतेस एकवटले व तेथून मणी अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत जाऊ लागले. खंबायतचे बंदर गाळाने भरले, नबाबी गेली, संस्थान गेले. अकीकाचे काम मात्र राहिले. अलीकडे तर 'खंबायतचे अकीक' या नावास भौगोलिक निर्देशांकाची सरकारी नोंदही मिळाली आहे.

हे काम कसे चालते, ते 1880 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात तपशिलाने दिले आहे. खाणीतून काढलेला दगड प्रथम महिनोन्‌महिने उन्हात वाळवितात. मग मडक्यांत भरून शेणींच्या मंद विस्तवात भाजतात. पिवळ्या दगडात लोहाचा अंश असतो. भाजल्याने तो तांबडा होतो. आमच्या विद्यार्थ्याच्या मधाळ दगडाचे डाळिंबी व्हावयाचे ते याच रीतीने. आणि घाई केली तर तडकावयाचेही याच रीतीने. तद्नंतर टवके काढणे. जमिनीत तिरपी रोवलेली एक टोकदार लोखंडी सळई असते. कारागीर दगड त्या टोकास टेकवून धरतो आणि मागून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने ठोका देतो. घाव हातोडीचा, परंतु टवका निघतो तो सळईच्या टोकाशी. हे उफराटे तंत्र पाहिल्यावाचून पटत नाही. मग कुरुंदाची पूड लाखेत कालवून केलेल्या चाकावर घासणे, हिऱ्याचे कण बसविलेल्या कमानीच्या सामत्याने भोक पाडणे, आणि शेवटी झिलई. झिलईसाठी मणी चामड्याच्या पिशवीत पाणी व बारीक पुडीसह भरीत, आणि दोन माणसे समोरासमोर बसून पट्ट्याने ती पिशवी दहा-पंधरा दिवस मागेपुढे ओढीत. पुढे पिशवीच्या जागी विजेवर फिरणारे पिंप आले.

या धंद्यास मोठा प्रतिस्पर्धी निघाला तो जर्मनीत. तेथील ईडार आणि ओबरश्टाइन या जोडगावांत स्थानिक अकीक संपत आले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात ब्राझीलचे दगड गलबतांतून आणून ते पाणचक्कीवर घासू लागले. तेथील कारागीर पालथे पडून, छातीच्या जोराने दगड चाकावर दाबीत. खंबायतच्या घाटाचे दागिने करून त्यांनी आफ्रिकेच्या बाजारातही ते विकले. असो.

आता आमचा स्वतःचा अनुभव. तो सांगण्यासारखा नाही, परंतु वाचकांस उपयोगी पडेल. सुमारे 1996 साली आम्ही असाच एक डोळ्याचा दगड एका परिचितामार्फत मोठ्या शहरातील एका दुकानी घासण्यास पाठविला. दोन महिन्यांनी खडा आला. सुबक, गुळगुळीत, एकरंगी लाल. डोळा नाही! विचारता 'घासण्यात गेला' असे उत्तर मिळाले. घासण्यात निम्म्याहून अधिक दगड जातो हे खरे, परंतु आम्ही टवका उडालेली जागा रोज पाहिलेली होती. डोळा वरवरचा नव्हता. तो खडा आमच्या दगडाचा नव्हता, हे आम्ही जाणले व गप्प राहिलो. शिक्षकाच्या पगारात त्या दिवसांत भांडण परवडत नसे. दुसऱ्या दगडाच्या वेळी मात्र, 2004 च्या दिवाळीच्या सुटीत, आणंदहून छोट्या गाडीने आम्ही स्वतः खंबायतेस गेलो.

तेथे एका घराच्या ओसरीवर एक कारागीर चाकापाशी बसला होता. आमचा दगड त्याने उन्हाकडे धरला, ओला करून पाहिला, नखाने वाजविला आणि कोठे कापावयाचे ते पेन्सिलीने आखून दाखविले. डोळ्याचा खडा घुमटासारखा करावा, त्यास पैलू पाडू नयेत. पैलू पारदर्शक दगडासच शोभतात. पट्ट्याचा दगड असेल तर पट्ट्यांना आडवा छेद घ्यावा. एवढे ज्ञान त्याने चहाच्या एका कपात आम्हांस दिले. मग चाक सुरू झाले आणि ओसरीवर पांढरी धूळ पसरली. त्याच्या भुवयांवर, आमच्या सदऱ्यावर, कोपऱ्यात झाकलेल्या पाण्याच्या माठावरसुद्धा. बोलताना तो मध्येच थांबत होता. आम्हांस वाटले, आठवत असेल; परंतु तो श्वास घेत होता. वय विचारले तर आमच्याहून सहा वर्षांनी लहान निघाला.

ही धूळ म्हणजे सिलिका. तिचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात व तेथे व्रण पाडतात. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्यास औषध नाही, आणि त्याच्या मागोमाग क्षयही सुलभतेने येतो. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने खंबायतच्या अकीक कामगारांची पाहणी वेळोवेळी केली असून, धंद्यात नसलेल्या शेजाऱ्यांपर्यंतही ही धूळ पोचते असे तीत आढळले. 1948 च्या कारखाना कायद्यात हा रोग नोंदणीय म्हणून नमूद आहे खरा. परंतु घराच्या ओसरीस कायदा कारखाना म्हणत नाही. पाण्याची धार सोडून घासणे अथवा धूळ ओढून घेणारे यंत्र चाकास जोडणे, हे उपाय ठाऊक आहेत. त्यास पैसा लागतो, आणि नगावर मजुरी घेणाऱ्याकडे तो नसतो. आपण खड्याच्या भावात घासाघीस करतो, ती अखेरीस याच ओसरीवर येऊन पडते. आम्हीही त्या दिवशी मजुरीत पाच रुपये कमी करून घेतले होते. हे लिहिताना लाज वाटते, परंतु लिहिणे भाग आहे.

तो खडा आमच्या सूनबाईंच्या अंगठीत आहे. डोळा अगदी मधोमध आहे.

विद्यार्थ्यास आम्ही सांगितले की खडा निश्चित होईल, मात्र दगड कोणाच्या हाती पाठवू नये. स्वतः जावे व कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. तो येत्या महिन्यात निघणार आहे. त्याच्याजवळ कारागिरासाठी हिंदीत एक चिठ्ठी लिहून दिली आहे. तीत चार गोष्टी आहेत: भाजण्याची घाई करू नये, डोळा मधोमध ठेवून घुमट करावा, उरलेले तुकडे परत द्यावेत, आणि घासणे ओल्या चाकावरच व्हावे, त्याकरिता जो जास्त आकार पडेल तो निराळा मांडावा, आम्ही देऊ.