पहिली आज्ञा

स्वतःच्याच खांद्यावर चढून उभा राहणारा डोंबारी कोणीं पाहिला आहे काय? आपल्या शास्त्रकारांना हा दृष्टान्त फार प्रिय. इंग्रजी भाषेंत तोच भाव आणखी गमतीनें येतो: बुटाच्या मागची वादी धरून माणसानें स्वतःलाच वर उचलावयाचें! गणकयंत्र सुरू होण्याच्या क्रियेस 'बूट' हें नांव पडलें तें ह्या वादीवरून. नांव थट्टेचें असलें तरी अडचण खरी आहे. आज्ञा मिळाल्यावांचून यंत्र कांहींच करीत नाहीं. आज्ञा स्मृतींत आणून ठेवणें हेंहि एक कामच. आणि वीज जातांच ती स्मृति पुसली जाते. मग पहिली आज्ञा द्यावयाची कोणीं?

ह्या प्रश्नाचें मोठें देखणें उत्तर केंब्रिज येथें १९४९ सालीं मिळालें. मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं तेथें 'एड्सॅक' हें यंत्र उभारलें होतें. त्याची स्मृति म्हणजे पाऱ्यानें भरलेल्या नळ्या. त्यांतून ध्वनीचीं स्पंदनें सारखीं फिरत ठेवलीं कीं अंक टिकत, वीज तोडली कीं सारें शांत. डेव्हिड व्हीलर या तरुण विद्यार्थ्यानें अवघ्या ३१ आज्ञांचा एक संच रचला. टेलिफोन एक्स्चेंजांत पायरीपायरीनें सरकणारे जे स्विच असत, तसल्या स्विचांच्या तारांत तो कायमचा जोडून टाकला होता. बटण दाबतांच स्विच फिरत, एकतीस आज्ञा पाऱ्यांत उतरत, आणि त्या आज्ञा मग कागदी फितीवरील छिद्रें वाचून उरलेलें सर्व आंत घेत. फितीवरील दशमान अंकांचें यंत्राच्या द्विमान भाषेंत रूपांतरहि त्याच करीत. ६ मे १९४९ रोजीं ह्या यंत्रानें वर्गांचें कोष्टक छापून दिलें. त्याच वर्षीं व्हीलर यांनीं ४१ आज्ञांचा सुधारलेला संच केला. मला मात्र कौतुक पहिल्याचेंच अधिक. त्या रचनेंतील एका गुणाची किंमत पन्नास वर्षांनंतर कळावयाची होती: चुकीच्या फितीनें कितीहि गोंधळ घातला तरी तिला त्या तारांना हात लावतां येत नसे. पुन्हा बटण दाबा, आरंभ जसाच्या तसा हजर!

१९७५ सालच्या 'आल्टेअर' यंत्राच्या मालकांना हें सुखहि नव्हतें. तोंडावरचे खटके वरखालीं करून त्यांना आरंभींच्या आज्ञा हातानेंच भराव्या लागत. १९८१ सालच्या आय.बी.एम. पी.सी.मध्यें त्या आज्ञा न पुसणाऱ्या चिपमध्यें आल्या. यंत्राला काय काय जोडलें आहे हें मात्र आंतल्या बारीक खटक्यांनीं सांगावें लागे. १९८४ सालीं त्याच कंपनीच्या 'ए.टी.' यंत्रांत हें काम बहुतांशीं घड्याळाच्या चिपकडे गेलें. घड्याळ चालू ठेवण्यास बॅटरी होतीच, तेव्हां तिच्याच जोरावर चार नोंदीहि ठेवाव्या, असा हिशेब. चिपमधील ६४ बाइटांपैकीं १४ घड्याळासाठीं, बाकीचे ५० नोंदींसाठीं. बॅटरी संपली कीं पडद्यावर १६१ हा अपशकुनी आंकडा उमटे. हार्ड डिस्क धडधाकट, तींतील अक्षरन् अक्षर शाबूत. पण ती कोणत्या प्रकारची, हें सांगणारी नोंद हरवल्यानें यंत्र तिला ओळखच देत नसे. उपाय म्हणाल तर नवी बॅटरी, आणि ती नोंद पुन्हा भरणें. डिस्कच्या प्रकाराचा आंकडा आधींच कागदावर टिपून ठेवणारा शहाणा ठरे. न जाणणारा मात्र आपला सारा ठेवा गेला असेंच समजे.

१९९३ सालच्या विंडोज एन.टी.नें निराळी युक्ति काढली. ज्या नोंदींवर यंत्र नीट सुरू झालें त्या 'शेवटच्या चांगल्या नोंदी' म्हणून बाजूस ठेवावयाच्या, आणि नवीन कांहीं बसविल्यानें आरंभ अडला तर त्यांवर परतावयाचें. 'नीट' कशाला म्हणावें? तर मालकानें आपलें नांव व परवलीचा शब्द देऊन आंत प्रवेश केला म्हणजे सर्व ठीक! दोष त्यानंतर दिसला तर दोषी नोंदच चांगली म्हणून ठरून गेलेली असे. यंत्राचा न्याय हा असा.

दरम्यान, न पुसणाऱ्या चिपची जागा जागेवरच पुन्हां लिहितां येणाऱ्या 'फ्लॅश' चिपनें घेतली. सुधारणा करणें सोपें झालें, आणि त्याबरोबर घातहि. २६ एप्रिल १९९९ रोजीं 'सी.आय.एच.' हा संगणक-विषाणु जागा झाला. तो डिस्कचा आरंभींचा भाग पुसून टाकी, आणि जेथें साधेल तेथें आरंभींच्या आज्ञांची चिपहि खराब करी. असें यंत्र बटण दाबल्यावर मुकेंच राही. नोंदी परत भरावयाच्या तरी कशा? भरून घेणारें आंत कोणी उरलेंच नव्हतें. चिप काढून दुसरीकडे लिहून आणावी किंवा नवी बसवावी, एवढाच मार्ग राहिला. पुढें कांहीं उत्पादकांनीं मदरबोर्डवर अशा दोन चिपा बसविल्या, एक नित्याची आणि एक अडीअडचणीची.

२००७ सालीं विंडोज व्हिस्टा घरोघरीं पोंचली, तेव्हां तिच्या दुरुस्तीच्या साधनांत एक आज्ञा अशी होती, कीं ती सर्व डिस्क धुंडाळून विंडोज कोठें वसली आहे तें शोधी आणि आरंभाची यादी नव्यानें लिही. चार शब्दांचें काम. परंतु 'आरंभाची नोंद सांपडत नाहीं' एवढें पडद्यावर वाचून घाबरलेला मनुष्य डिस्कच पुसून सारें नव्यानें भरण्यास संमति देई, आणि एका हरवलेल्या पत्त्यापायीं घरांतले फोटो, हिशेब, पत्रें, सर्व स्वतःच्या संमतीनें नाहींसें होई.