तारप्याला पाठ दाखवत नाहीत

25 जानेवारी 2026 ला दिल्लीच्या सरकारनं पद्मश्रीची यादी काढली. त्यात एक नाव होतं, भिकल्या लाडक्या धिंडा. राहणार वाळवंडा, तालुका जव्हार, जिल्हा पालघर. काम तारपा वाजवणं. वय नव्वदीच्या घरात. जयंतीच्या मीटिंगीत मी पोरांना विचारलं, तारपा म्हंजे काय? चौदा जणांत एकाला ठाऊक. तोही वारली चित्रात बघितला म्हणून. बाकीच्यांना वाटलं, कुठला तरी देव असेल.

आधी नावाचंच बघा. बापाचं नाव लाडक्या, पोराचं भिकल्या. आपल्या आज्यांची नावं आठवा. धोंड्या, कचऱ्या, दगड्या, भिक्या. शूद्राचं नाव किळसवाणं असावं असं मनुस्मृती सांगते. ती नावं सरकारी दप्तरात तशीच उतरली. आता त्याच दप्तरातून राष्ट्रपती भवनाच्या यादीत एक भिकल्या गेलाय, मागं राव नाही, पुढं पंडित नाही. मला हे आवडलं. बुवा-उस्तादांच्या रांगेत हे नाव असंच, जसंच्या तसं वाचलं जावं.

भिकल्याबाबांचं लहानपण इंग्रजी अमदानीतलं. जव्हार तेव्हा मुकणे राजांचं संस्थान. शाळा मोठ्यांच्या पोरांची, गरिबाच्या पोरानं गुरं राखायची. हा पोरगा गुरांमागं हिंडता हिंडता तारपा शिकला. लाडक्या वाजवत होता, त्याच्या आधी लाडक्याचा बाप. सनद नाही, घराणं नाही. म्हंजे घराणं आहेच, पण त्याला घराणं म्हणायची चाल नाही.

वाद्य कशाचं? वाळलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत कापलेल्या जिभल्या, सांध्यांना मेण, आणि तोंडाला ताडाच्या पानांचा गुंडाळलेला कर्णा. यातली एकही वस्तू बाजारातून आणायची नाही. भिकल्याबाबा तारपा स्वतः बनवतात. वाजवताना सूर तुटत नाही. नाकानं श्वास आत ओढायचा, गालातला वारा नळीत सोडत राहायचं, आणि हे घटकाघटका चालतं. कापसाच्या फुफाट्यात आठ तास खोकणाऱ्या माझ्यासारख्याला हा हिशोब कळायला वेळ लागला. नव्वदीच्या माणसाची छाती आणि माझी छाती. जाऊ द्या.

नाच गोल असतो. मधे तारपकरी, भोवती बायाबापड्या, कंबरेत हात. सूर बदलला की वळण बदलतं. तारप्याकडं पाठ करायची नाही हा नियम. पाड्यावरचा सगळ्यात मोठा जमीनवाला आला तरी त्याला वेगळी खुर्ची नाही, साखळीत शिरायचं. आता आपल्याकडचं वाजवणं आठवा. गावकीचं वाजवणं म्हंजे वेठ होती. त्यांच्या लग्नात हलगी, त्यांच्या मयताला हलगी, आणि वाजवणारा मांडवाबाहेर. बाबासाहेबांच्या चळवळीनं गावकीची कामं झुगारली, मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं, त्यात आपलं वाजवणंही गेलं. जायलाच हवं होतं. पुढं भीमराव कर्डकांचा जलसा आला, वामनदादा आले, तेव्हा आपण पुन्हा वाजवायला लागलो, पण स्वतःसाठी. तारपकरी मात्र पहिल्यापासून आपल्याच माणसांसाठी वाजवतो. म्हणून मला तो जलशाच्या शाहिराचा भाऊबंद वाटतो.

आमच्यातले काही कडक कार्यकर्ते म्हणतील, तारप्यात देव आहे, नारनदेव आहे, कणसरी आहे, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी तिकडं कशाला बघायचं? अरे, कणसरी म्हंजे कणसातलं धान्य. नव्या भातापुढं नाचणारा माणूस कुठल्या भटाला दक्षिणा देतो? उलट ‘वनवासी’ म्हणत त्याला आपल्या पोटात घालायला निघालेले त्या पाड्यावर कधीच पोचलेत. आपण मीटिंगीत बसून त्याचा देव मोजतोय.

तारप्याचा मोसम भात पिकल्यापासून दिवाळीपर्यंत. आणि दिवाळी झाली की काय होतं? वीटभट्टीवाला बयाना देऊन घरंच्या घरं उचलतो. भिवंडी, वसई, वाडा. जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होतात, म्हातारी आणि कुलूप तेवढी मागं राहतात. पावसाच्या तोंडाशी माणसं परततात ती बयाना फेडून, बहुतेक वेळा तसाही न फिटता. शहाणे लोक म्हणतात, मोबाईलमुळं तारपा मेला. मोबाईलनं मारला नाही. नाचणारे पाय भट्टीवर माती तुडवतात म्हणून गोल मोडला.

हा इतिहास पुरस्काराच्या बातमीत येत नाही. 1945 साली तलासरी-डहाणू भागात वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी मोडायला बंड केलं, गोळ्या खाल्ल्या. 1976 साली वेठबिगार बंद करायचा कायदा झाला. 1992-93 साली याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभरावर पोरं उपाशीपोटी, रोगानं मेली. आणि 2021 साली मोखाड्यात एका कातकरी बापानं पोराच्या कफनासाठी पाचशे रुपये उचलले, त्यापायी वेठीला जुंपला गेला आणि शेवटी त्यानं गळफास घेतला. पाचशे रुपये, कफनाला! त्याच मोखाड्यात मध्य वैतरणाचं धरण आहे, आणि त्याचं पाणी मुंबई पिते. आपल्या चाळीच्या नळालाही तेच येतं.

1972 साली आपल्या मोठ्या भावांनी दलित पँथर काढली तेव्हा नाव अमेरिकेच्या काळ्यांकडून घेतलं. आजची आपली पोरं त्याच काळ्यांचं रॅप ऐकतात, स्वतःही म्हणतात, चांगलं म्हणतात. पण त्यातली एक गोष्ट त्यांना सांगावीशी वाटते. 1995 साली न्यूयॉर्कमध्ये सोर्स अवॉर्डच्या समारंभात अटलांटाच्या आऊटकास्ट या जोडीला बक्षीस मिळालं, तर सभागृहानं हुर्यो केली. हुर्यो करणारे गोरे नव्हते. शहरातले काळेच होते. दक्षिणेतले म्हंजे शेतातले, गावंढळ, ह्यांना काय रॅप येणार? त्या जोडीतल्या आंद्रेनं माईकवर ठणकावलं की दक्षिणेलाही काही सांगायचंय. पुढच्या वर्षांत रॅपचा बाजार त्याच दक्षिणेनं काबीज केला. मुंबई-ठाण्यातला दलित कार्यकर्ता जव्हारच्या आदिवासीला काय समजतो, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. आपण हुर्यो करत नाही एवढंच. आपण ऐकतच नाही.

सरकारच्या मानाचा एक दाखला आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, जमीन कबूल झाली. ती हातात यायला तीसहून जास्त वर्षं गेली. पद्मश्री 2011 साली, मरण 2018 साली. तेव्हा भिकल्याबाबांच्या पद्मश्रीनं मला आनंद झाला, पण मी ताट वाजवायला जाणार नाही. 26 जानेवारीला कलेक्टर कचेरीपुढं दहा मिनिटं तारपा, पाहुण्यांबरोबर फोटो, भाड्याच्या टेम्पोतून परत, असा कार्यक्रम सालोसाल होतो आणि होत राहील.

येत्या मोसमात भात कापून झाल्यावर, पण बयाना वाटायच्या आत, आपल्या ग्रुपातल्या चार-पाच जणांनी जव्हारला जावं असं माझं म्हणणं आहे. भाषण नको, बॅनर नको. किती तारपकरी उरलेत, कुणाकडून शिकले, कुठल्या चाली आता वाजत नाहीत, हे वहीत उतरवायचं. आणि त्याच वहीत दुसऱ्या बाजूला, कुठल्या पाड्यातून किती घरं कुठल्या भट्टीवर गेली, किती उचल घेऊन गेली, तेही. येणाऱ्यांनी मला रविवारी सांगावं. रात्रपाळी सुटल्यावर मी घरीच असतो.