वाटसरूचें दैव

डिसेंबर १९३३ मध्यें पॅट्रिक ली फर्मर हा १८ वर्षांचा इंग्रज तरुण हॉलंडच्या किनाऱ्यावरून कॉन्स्टँटिनोपलकडे पायीं निघाला. नेम चालण्याचा; तथापि ऱ्हाइन नदीवर मालवाहू नावेंत आणि व्हिएन्नाजवळ पावसांत मालमोटारींत त्यास जागा मिळाली. म्युनिकला तर त्याची पिशवीच पासपोर्टासह चोरीस गेली! परंतु तेथील एका उमरावानें त्यास नवी पिशवी दिली व वाटेवरील स्नेह्यांस पत्रें लिहिलीं. त्या पत्रांनीं मोठमोठ्या वाड्यांचीं दारें उघडलीं. सुमारें वर्षभरानें तो इच्छित स्थळीं पोंचला.

श्रोतेहो, ह्यास दैव म्हणावें काय? अनोळख्यास दार उघडणारीं माणसें हेंच त्याचें दैव होतें. १९३९ च्या महायुद्धानें त्या घरांपैकीं कित्येकांची वाताहत झाली. त्यांचें आतिथ्य १९७७ सालच्या त्याच्या प्रवासग्रंथांत मात्र उरलें आहे.