वस्तूंच्या नावांनी मांडलेले अंक

खानदेशच्या दक्षिण कडेला, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला शिलालेख इ.स. १२०७ च्या सुमाराचा असून, गणिती व ज्योतिषी भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला व निकुंभ घराण्यातील सोइदेव-हेमाडिदेव या बंधूंनी त्याला दान दिले, असे त्यावरून कळते. ज्या ग्रंथांसाठी हा मठ उभा राहिला, ते पद्यात होते आणि प्रामुख्याने पाठांतराने शिकले जात; साहजिकच त्यांतील मोठमोठे अंक विद्यार्थ्याच्या ध्यानात कसे राहावेत, हा प्रश्न अध्यापनाच्या मुळाशी होता.

त्याचे उत्तर म्हणजे भूतसंख्या, म्हणजेच ज्या पदार्थाची संख्या सर्वांना ठाऊक आहे त्याच्या नावाने अंक सांगण्याची पद्धत. चंद्र एकच म्हणून एक, डोळे दोन, अग्नी तीन, वेद चार, मदनाचे बाण पाच, तर आकाश म्हणजे शून्य. आणि अशा शब्दांचे अंक उजवीकडून डावीकडे, म्हणजे एकम स्थानापासून मांडावयाचे. भास्कराचार्यांनी स्वतःचे जन्मवर्ष रस, गुण, पूर्ण आणि मही या चार शब्दांत सांगितले असून, त्यांचे अंक सहा, तीन, शून्य व एक असल्याने शके १०३६, म्हणजे इ.स. १११४, हे वर्ष निघते. येथे रस म्हणजे जिभेला कळणाऱ्या सहा चवी; काव्यातील नऊ रस मनात धरणारा वाचक थेट १०३९ वर जाऊन पोहोचेल. त्यांच्याच ‘लीलावती’ या ग्रंथात वर्तुळाचे माप देताना भ (सत्तावीस नक्षत्रे), नंद (नऊ) व अग्नी यांतून ३९२७, तर ख (आकाश), बाण व बारा सूर्य यांतून १२५० सिद्ध होतात आणि पहिल्याला दुसऱ्याने भागले असता ३.१४१६ हे परीघ-व्यासाचे गुणोत्तर मिळते.

प्राचीन रोमचे वक्तेही स्मरणासाठी वस्तूंचाच आधार घेत; ते मनातल्या घराच्या खोल्याखोल्यांत वस्तू मांडून भाषणातील मुद्दे आठवीत. परंतु ते घर ज्याचे त्याने रचलेले, तर भूतसंख्येतील वस्तू साऱ्या विद्वत्समाजाच्या सामाईक होत्या, आणि हेच या पद्धतीचे खरे बळ मानावे लागते. नकलणाऱ्याच्या हातून सुटा आकडा सहज बिघडतो, मात्र वृत्तात बसलेला शब्द बदलला की छंद अडखळतो आणि जाणत्याच्या कानाला चूक लागते. शिवाय एकाच अंकाला अनेक नावे असल्याने कवीला वृत्त जुळविणे सुकर होई. याची किंमतही लहान नव्हती, कारण संस्कृत ज्यांच्यापर्यंत पोहोचू दिले गेले नाही, त्यांना या अंकांचे दार बंदच राहिले.

त्या दाराबाहेरही स्मरणाची परंपरा जोमदार होती. नशिराबादच्या परिसरातील असोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती, तरी शेतातले पीक, चूल, विहिरीवरची मोट आणि खानदेशात ज्याला घरोट म्हणतात ते जाते अशा रोजच्या हाताखालच्या वस्तूंभोवती त्यांची गाणी उभी राहिली, आणि पुत्र सोपानदेव व आप्तांनी त्यांतली काही टिपून ठेवल्याने त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.