नांगराचे रुमणे आणि शाळेचा उंबरठा

सन १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्याची आठवण आपल्याकडे बहुधा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी काढली जाते, आणि ते यथार्थच आहे; परंतु त्याच निवेदनात शिक्षकांचे पगार, तपासनिसांच्या फेऱ्या आणि क्रमिक पुस्तके यांच्या विवेचनात दोन सूचना अशा आलेल्या आहेत की, प्राथमिक शाळेचा इतिहास लिहिणाऱ्याने त्यांच्यापाशी थोडे अधिक थांबावयास हवे. पहिली सूचना अशी की, शाळेत शेतीची मूलतत्त्वे शिकवावीत आणि त्यासाठी नमुन्याचे लहानसे शेत असावे, म्हणजे मुलांना तो विषय प्रत्यक्ष हातांनी शिकता येईल. दुसरी सूचना शिक्षकाविषयी आहे. तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, कारण असा शिक्षक लोकांत मोकळेपणाने मिसळेल, त्यांच्या गरजा जाणेल, आणि वेळ पडल्यास नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरताना त्याला लाज वाटणार नाही.

या दोहोंत मला दुसरी सूचना अधिक खोल वाटते. शाळेला शेताचा तुकडा सरकारी हुकुमाने मिळू शकतो. शिक्षकाच्या मनातील लाज मात्र कोणत्याही हुकुमाने जात नाही, आणि आपल्या शाळांतील हस्तशिक्षणाचा पुढील सारा इतिहास या लाजेभोवतीच फिरत राहिलेला आहे.

इंग्रजी अमलापूर्वीच्या गावठी शाळेला आपण फार नावे ठेवतो, आणि तिचे दोष खरोखरच मोठे होते, कारण गावातील निम्म्याहून अधिक मुलांना आणि जवळजवळ सर्व मुलींना तिचा उंबरठा बंद होता. तथापि देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या पडवीत बसणारा पंतोजी गावाच्या शिध्यावर जगत होता, धूळपाटीवर गिरवल्या जाणाऱ्या अक्षरांत मुलाचे बोट प्रत्यक्ष मातीत फिरत होते, आणि पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही उजळणी गावच्या बाजारातील व्यवहारासाठीच पाठ होत होती. पुढे सरकारी शाळा आली. जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा याप्रमाणे वसूल होणाऱ्या लोकलफंडाचा काही अंश तिच्यावर खर्च होऊ लागला; म्हणजे शाळेचा भार रयतेनेच सोसला, परंतु शाळा जबाबदार राहिली ती वर्षातून एकदा येणाऱ्या दिपोटी तपासनिसाला. पंतोजीचा मास्तर झाला, त्याचे तोंड दप्तराकडे वळले, आणि गावाकडे त्याची पाठ झाली.

ही पाठ फिरविण्याचा पहिला मोठा यत्न वर्ध्याला झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे जी शिक्षण परिषद भरली, तिने सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा मध्यबिंदू, ही तत्त्वे मान्य केली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने डिसेंबरात आपला अहवालही सादर केला. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा अशी माणसे त्या समितीत होती. अहवालातील वेळापत्रक आजही वाचण्याजोगे आहे: साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला तीन तास वीस मिनिटे, मातृभाषेला चाळीस मिनिटे, संगीत, चित्रकला आणि गणित या तिन्हींना मिळून चाळीस, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना तीस, व्यायामाला दहा आणि सुटीला दहा. मुलांनी काढलेल्या सुताच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, ही कल्पना तर परिषदेतच वादाचा विषय झाली, प्राध्यापक के. टी. शहा यांनी तिला उघड विरोध केला. माझे मत असे की, हा विरोध पोकळ नव्हता. ज्या क्षणी मुलाच्या हातातील टकळीकडे मास्तर पगाराच्या दृष्टीने पाहू लागेल, त्या क्षणी सूत हे शिक्षणाचे साधन न राहता वसुलीची बाब होईल.

मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने ही योजना आस्थेने हाती घेतली, आणि पुढे कित्येक गावांतील शाळांच्या फलकांवर ‘जीवन शिक्षण मंदिर’ ही अक्षरे झळकली. सेवाग्रामला आर्यनायकम् दांपत्याने जे केले ते जिवंत होते, कारण तेथे शिक्षक स्वतः झाडीत, दळीत, कातीत आणि पिकवीत होते. परंतु सर्वसामान्य शाळेत टकळी पोहोचली आणि तिच्यामागची वृत्ती वाटेतच राहिली. सूतकताई हा वेळापत्रकातला आणखी एक तास झाला, आणि तपासनिसापुढे पाटीवरच्या गणितांबरोबर सुताच्या गुंड्याही मांडल्या जाऊ लागल्या.

यानंतरची हकीकत तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या समुद्रकाठी, बोर्डी गावी घडली, आणि ती सांगताना मन भरून येते. ताराबाई मोडक या तोवर बालशिक्षणात नामांकित झालेल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी काम केले होते, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली होती, आणि १९३६ पासून मुंबईत दादरला शिशुविहार चालू होता. मुंबई-भावनगरच्या सुखवस्तू मुलांसाठी माँटेसोरी पद्धतीच्या दट्ट्यांच्या पेट्या आणि मनोरे विकत आणता येत होते. खेड्यात ते कोठून आणावयाचे? हा प्रश्न घेऊन १९४५ च्या अखेरीस त्यांनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, आणि पुण्याच्या हुजूरपागेतील शिक्षिकेची जागा सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. त्याच वर्षी डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत वेठबिगारीविरुद्ध आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी वारल्यांचा लढा पेटलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या भूमीवर बालशाळा काढणे किती धाडसाचे होते ते कळते.

बालवाडी उघडली, पण त्या काळी ज्याला हरिजनवाडा म्हणत त्या वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. येथे दुसऱ्या एखाद्या संस्थेने पालकांच्या अज्ञानावर टिपण लिहून दप्तर बंद केले असते. या बायका उठल्या आणि वस्तीत गेल्या. त्यांनी एक अंगण झाडले, मुलांना न्हाऊ घातले, केस विंचरले, आणि मग गाणी, गोष्टी व मोजणी त्याच अंगणात सुरू केली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. फुल्यांनी ज्या लाजेविषयी लिहिले होते, ती येथे त्रेसष्ट वर्षांनी हातातील केरसुणीपुढे गळून पडलेली दिसते.

साधनांचा प्रश्नही असाच सुटला. शंखशिंपले, गारगोट्या, बिया, पाने, बांबूचे तुकडे, जे जे त्या परिसरात पायाखाली पडलेले होते, ते ते वर्गीकरणाचे, मोजणीचे आणि रंगओळखीचे साधन झाले. ज्या वारली घरांत लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहिला जातो, त्या घरातील मुलांच्या हातांना रेषेचे भय वाटण्याचे कारणच नव्हते.

१९५७ च्या सुमारास हे काम किनाऱ्यावरून आत, कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि विकासवाडी उभी राहिली. तिची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. आदिवासी घरातील थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे असतो. म्हणून शिक्षकच साहित्य घेऊन कुरणात जाई आणि गुरे चरत असताना वर्ग भरे, त्याला कुरणशाळा म्हणत. अशा शाळेत घंटेचा अंमल चालत नाही. एखादे जनावर दुसऱ्याच्या पिकाकडे वळले की धडा थांबणारच, आणि ते परतवून मूल पुन्हा बसले की तो पुढे जाणार. मुलाची हजिरी घेण्यापूर्वी शाळेने मुलाच्या दिवसाची हजिरी घेतली, असे उदाहरण आपल्या शिक्षणाच्या इतिहासात मला दुसरे ठाऊक नाही.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजी निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ विकासगटांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले, आणि एका वस्तीतील झाडलेल्या अंगणाचा तो मराठी शब्द सर्व प्रांतांच्या सरकारी कागदांवर चढला. अनुताई मात्र दिल्लीच्या त्या कागदांपासून दूर, कोसबाडच्या टेकडीवरच राहिल्या, आणि १९९२ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्याच कामात गढून गेल्या होत्या.