शिंदे, आनंद
शिंदे, आनंद : मराठी लोकगायक, प्रल्हाद शिंदे (मृत्यू २००४) यांचे पुत्र. कॅसेटच्या जमान्यात ‘नवीन पोपट’ या गाण्याने ते घराघरांत पोचले आणि एकाच गाण्याचा गायक अशी त्यांची ओळख रूढ झाली. ती अपुरी आहे. पेन्सिल घालून फीत गुंडाळत जपलेल्या ज्या स्वस्त कॅसेटींनी हे गाणे वराती-जत्रांत नेले, त्यांनीच त्यांची डॉ. आंबेडकरांवरील भीमगीते वस्त्यावस्त्यांत रुजवली. ‘नवीन पोपट’ची लोकप्रियता द्व्यर्थी शब्दांची, असा आक्षेप घेतला जातो. पण लावणीतही द्व्यर्थ जुनाच आहे. शिवाय १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, आदराने ऐकला जातो तो हाच खडा आवाज. त्यांना एका गाण्यात बसवणारी स्मृती भीमगीतांच्या या मोठ्या श्रोतृवर्गाला वगळते, हेच तिचे उणेपण होय.